गेटवर चेहरा ओळखणारं मशीन, पण फक्त कामाला येणाऱ्यांसाठी. योग्य की अयोग्य?

बाणेर_सचिव
९६ फ्लॅटची सोसायटी. मावशी, ड्रायव्हर, माळी धरून १५० जण रोज कामाला येतात. कमिटीला फेस रेकग्निशन बसवायचंय, नोंदणी फक्त यांचीच. सभासदांची नाही. बहुमत आहे म्हणजे नैतिक प्रश्नच उरत नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं. सभेसाठी मुद्दे हवेत, तांत्रिक आणि तात्त्विक दोन्ही.

मशीनवाला
आधी गणित. विक्रेता 'हजारात एक चूक' म्हणत असेल तर ती एका तुलनेतली. गेटवरचं मशीन समोरचा चेहरा सगळ्या १५० चेहऱ्यांशी ताडून बघतं. म्हणजे परका माणूस कुणाच्या तरी नावावर आत सुटायची शक्यता ढोबळमानाने १४ टक्के! ती कमी करायला थ्रेशोल्ड, म्हणजे चेहरा किती जुळला की आत सोडायचं तो आकडा, चढवा, की मशीन खऱ्या मावशींनाच नाकारायला लागतं. त्यात पुण्यात स्कूटरवरच्या बायका स्कार्फ गुंडाळून येणार, आणि कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळच्या उन्हात चेहरा काळा पडणार. दोन्ही चुका एकदम शून्य होत नाहीत. कुठली चूक कुणी सोसायची हे त्या एका आकड्यात ठरतं, आणि तो आकडा कमिटीत कुणी विचारतही नाही.

पेठी_तर्कट
अध्यक्षांचा हिशोब बेंथम या तत्त्वज्ञाच्या वळणाचा आहे, ज्यात सगळ्यांच्या सुखाची बेरीज मोठी ते योग्य: ९६ घरांची सुरक्षितता एकीकडे, मशीनने नाकारल्यावर गेटवर जाणारी दहा मिनिटं दुसरीकडे. बेरीज जमते. पण ती दहा मिनिटं रोज त्याच बाईची जातात, आणि उशिराबद्दल शेवटच्या घरी बोलणीही तीच खाते. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये मांडलेली कसोटी इथे चपखल बसते: आपली जागा कुठली हे माहीत नसल्यासारखं धरून नियम ठरवायचा. आपण फ्लॅटमालक असू की भांडी घासणारी, हे माहीत नसताना थ्रेशोल्ड कुठे ठेवाल? सभेत रॉल्सचं नाव काढू नका, लोक पेंगतील. एवढंच विचारा: सभासदांचेही चेहरे नोंदवायचे का? 'आमचे कशाला?' असं कुणी म्हणालं, की हरकतीचा मुद्दा आयताच मिळाला.

खडूस४११
तत्त्वज्ञान ठीक आहे. चोरी झाली तर?

मशीनवाला
कार्ड द्या. टेकवलं की वॉचमनच्या स्क्रीनवर फोटो. तुलना एकाशीच होते. वॉचमन स्क्रीनकडे बघत नसेल तर अर्थात उपयोग शून्य. बोटांचे ठसे मात्र नकोत, धुण्याभांड्यांनी रेषा झिजतात.

कलम_सदाशिव
नुसत्या संमतीपत्रावर सह्या घेऊन भागणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि विनाअट दिलेली हवी. 'चेहरा द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका' ही अटच झाली. शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो काही फ्लॅटच्या मालकीवर मिळत नाही.
मशीन घ्यायचंच असेल तर डेटा मशीनमध्येच राहणार की कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, आणि काम सुटल्यावर किती दिवसांत पुसणार, हे ठरावात लिहून घ्या. मशीनने नाकारलं तर वॉचमनने रजिस्टरात नोंद करून लगेच सोडायचं, हेही. आणि गेटवरच्या वेळा घरमालकांना पगार कापायला मिळणार नाहीत, ही ओळ घालाच. सभेत पहिली तीच उडवायला बघतील.