‘सॉकर किड’ : चेंडू तोच, पडदा वेगळा

‘सॉकर किड’ हा व्हिडिओ गेम कुठल्याही यंत्रावर खेळला तरी सारखाच, हे मत मला पुरते पटत नाही. १९९३ मध्ये अमिगा या घरगुती संगणकावर आलेल्या या खेळात विश्वचषकाचे तुकडे शोधत देशोदेशी फिरणाऱ्या मुलाचे शस्त्र म्हणजे फुटबॉल. तो शत्रूवर मारायचा, डोक्यावर खेळवायचा आणि उंच कठडा गाठायचा असेल तर त्याच्यावरच उडी घेऊन उसळायचे. अमिगाच्या एकबटणी जॉयस्टिकवर हे सारे जमवताना मनगटाची जी कसरत होते, ती सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या कन्सोलच्या पॅडवर बरीच सुसह्य होते (अमेरिकेत तिथे त्याचे ‘किड क्लीट्स’ असे बारसे झाले, ते उगाचच). गेमबॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलवर मात्र पडद्याची उंची सुपर निन्टेंडोच्या २२४ ऐवजी १६० पिक्सेलच असल्याने उंच टोलावलेला चेंडू चटकन नजरेआड जातो आणि नेम अंदाजानेच धरावा लागतो.