मागणी अनिश्चित असताना वाटपाच्या गाड्यांचे मार्ग कसे आखावेत?

प्रश्न: आमच्या गाडीत १०० नग मावतात. एका फेरीत १० ग्राहक असून प्रत्येकाची सरासरी मागणी ९ नग आहे. नेमकी मागणी मात्र दारात पोहोचल्यावरच कळते. गाडी पूर्ण भरून नेली तरी माल अधूनमधून वाटेतच संपतो आणि गोदामात परतावे लागते. मार्ग आखणारे सॉफ्टवेअर सरासरीच धरून चालते. काय बदलावे?

उत्तर १: दहा नगांची सवड दिसते तेवढी मोठी नाही. प्रत्येकाच्या मागणीचे प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा साधारण चढउतार) ३ नग धरले आणि मागण्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर एकूण मागणीचे विचलन सुमारे ९.५ येते (बेरीज विचलनांची नव्हे, त्यांच्या वर्गांची होते आणि मग तिचे वर्गमूळ घेतात) आणि प्रसामान्य वितरणानुसार (आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरतात असे धरून) माल कमी पडण्याची शक्यता जवळजवळ १५ टक्के निघते. फेरीतला एक ग्राहक कमी केल्यास तीच शक्यता २ टक्क्यांच्या खाली उतरते.

उत्तर २: हिशेब बरोबर आहे, पण ‘स्वतंत्र’ हा शब्द मला खटकतो. हवामान किंवा सुट्टी यांसारख्या एकाच कारणाने सगळ्यांची मागणी एकदम वाढत असेल आणि सहसंबंध (मागण्या किती एकत्र बदलतात याचे माप; ० म्हणजे मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.५ असेल, तर ९ ग्राहकांच्या फेरीतही तुटीची शक्यता सुमारे १७ टक्के राहते. म्हणून आधी जुन्या नोंदी तपासाव्यात.

उत्तर ३: गाड्यांचे मार्ग आखण्याचा जो मूळ गणिती प्रश्न १९५९ साली डँट्झिग आणि रॅम्सर या संशोधकांनी मांडला, त्यात मागणी आधीच ठाऊक असल्याचे गृहीत होते. मागणी अनिश्चित असली, की फेरीची दिशाही महत्त्वाची ठरते. एरवी उलटसुलट फिरले तरी अंतर तेवढेच. माल बहुधा फेरीच्या अखेरीस संपतो, त्यामुळे शेवटचे ग्राहक गोदामाजवळ असतील तर परतीचा हेलपाटा छोटा पडतो. शिवाय माल संपण्याची वाट न पाहता, गोदामाजवळून जाताना शिल्लक ठरावीक पातळीखाली असेल तर तेव्हाच भरून घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

प्रश्नकर्ता: नोंदी पाहिल्या. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचीच मागणी वाढलेली दिसते, इतर दिवशी तसा मेळ नाही. त्यामुळे त्या दिवसाची सरासरी वेगळी धरून ८ ग्राहकांची, तर उरलेल्या दिवशी ९ ग्राहकांची फेरी आखत आहे. दिशा मात्र आजच उलटवली.