ट्रॅपची फायनल: शून्यापासून, तीही एकाच काडतुसावर. पटतं का?

दुसरी_नळी
हांगझोऊ एशियाडमधली पुरुषांची ट्रॅप स्पर्धा (१ ऑक्टोबर २०२३) घ्या. ट्रॅप म्हणजे यंत्रातून उडणाऱ्या चकत्या (क्ले) छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडायचा नेमबाजीचा प्रकार. पात्रता फेरीत १२५ पैकी कायनान चेनाय १२२, झोरावरसिंग संधू १२० आणि पृथ्वीराज तोंडैमान ११९. बेरीज ३६१, सांघिक सुवर्ण आपलं. नंतरच्या वैयक्तिक फायनलमध्ये झोरावर ३० पैकी २३ वर बाद होऊन पाचवा, कायनान ४० पैकी ३२ वर थांबून तिसरा.

माझा आक्षेप निकालावर नाही, नियमावर आहे. पात्रता फेरीत प्रत्येक क्लेला दोन काडतुसं मिळतात, दुनळी बंदुकीच्या प्रत्येक नळीत एक. पहिलं हुकलं आणि दुसऱ्याने फोडलं तरी गुण पूर्ण. फायनलमध्ये मात्र एकच काडतूस, आणि आधीचे १२५ पुसून शून्यापासून सुरुवात. म्हणजे निवड एका खेळावर करायची आणि पदक दुसऱ्याच खेळावर द्यायचं. स्कीटमध्ये (क्ले फोडायचाच दुसरा प्रकार) ही भानगड नाही, तिथे पात्रतेतही एका क्लेला एकच गोळी असते.

कोथरूडकर
असहमत. दुसऱ्या नळीला तुम्ही कौशल्य म्हणता, मी तिला पांघरूण म्हणतो. पहिली गोळी साधारण पाऊण सेकंदाच्या आत सुटते, तेव्हा क्ले ३०-३५ मीटरवर असतो. ती का हुकते? बहुतेक वेळा गाल बटवरून (बंदुकीच्या दस्त्यावरून) उचलला जातो, किंवा चाप ओढताना नळीचा झोका थांबतो आणि छर्रे मागून जातात. दुसऱ्या गोळीने क्ले फुटला तरी चूक तिथेच असते, फक्त गुणपत्रिकेत दिसत नाही. फायनलने ती दाखवली तर बिघडलं कुठे?

आणि गुण पुढे नेल्याने न्याय होतो म्हणाल, तर लंडन २०१२ पाहा. तेव्हा पात्रतेचे १२५ आणि फायनलचे २५ अशी बेरीज व्हायची. ऑस्ट्रेलियाचा मायकेल डायमंड १२५ पैकी १२५ मारून आला, फायनलमध्ये २० मारले आणि शूटऑफ (बरोबरी फोडण्यासाठीची जादा फेरी) हरून चौथा राहिला. क्रोएशियाचा चेर्नोगोराझ १२२ वरून आला, २४ मारले, पुढे शूटऑफ जिंकून सुवर्ण घेऊन गेला. बेरीज असूनही निर्णय त्या २५ क्लेंनीच दिला.

दुसरी_नळी
डायमंडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तेव्हाही फायनलमध्ये काडतूस एकच होतं.

आणि पांघरूण हा शब्द मला मान्य नाही. वारा समोरून आला की क्ले वर उचलला जातो, मागून आला की दबतो. पहिली गोळी खालून गेली हे ओळखून, बट न हलवता, अर्ध्या सेकंदात ४० मीटरच्या आसपास पोचलेला क्ले फोडायचा. त्यासाठीच तर दुसऱ्या नळीला फुल चोक (छर्रे पांगू नयेत म्हणून नळीचं तोंड सगळ्यात अरुंद) असतो. ज्या कामासाठी बंदुकीची अर्धी रचना आहे, तेच पदकाच्या वेळी काढून टाकायचं?

पंचांचा_चष्मा
तुम्ही दोघंही दोन वेगळे प्रश्न एकात गुंतवताय. शून्यापासून सुरुवात मला योग्य वाटते, आणि त्याचं कारण वारा व उजेड. पात्रता फेरीत सहा-सहांच्या तुकड्या दिवसभर मारतात. सकाळी मारणाऱ्याला सपाट उजेड, दुपारच्या तुकडीला उलटा वारा. बंकरमधल्या (नेमबाजांसमोरच्या खंदकातल्या) १५ यंत्रांतून प्रत्येकाला २५ क्लेंत १० डावे, १० उजवे, ५ सरळ मिळतात. तेवढं समान वाटप करता येतं, हवेचं करता येत नाही. फायनलमध्ये सहाही जण एकाच हवेत उभे असतात.

पुणेकरांनी तरी शून्याला नावं ठेवू नयेत. बालेवाडीत सराव करणारा रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला ५९० गुणांवर, सातव्या क्रमांकाने फायनलमध्ये गेला आणि कांस्य घेऊन आला. पाटी कोरी होती म्हणून मागची पिछाडी त्याच्यामागे आली नाही.

एका काडतुसाबद्दल मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

कोथरूडकर
रायफलचं उदाहरण इथे नीट बसत नाही, तिथे लक्ष्य हलत नाही. पण वाऱ्याचा मुद्दा मान्य.

काडतुसावर मी ठाम आहे. दोन गोळ्या दिल्या तर सहाच्या सहा जण २५ पैकी २४-२५ मारतील आणि शूटऑफची रांग लागेल. २५ क्लेंनंतर सहावा, ३० ला पाचवा, ३५ ला चौथा, ४० ला तिसरा बाहेर आणि ५० पर्यंत दोघं, हा जिना चढायचा तर गुणांत फरक पडावा लागतो. हांगझोऊला चीनच्या छी यिंगने एका काडतुसावर ५० पैकी ४६ मारून सुवर्ण घेतलं. म्हणजे जमतं.

चोक_आणि_छर्रे
नियम काहीही असो, आपल्याकडचा सराव अजून दोन नळ्यांचाच आहे, माझं भांडण त्याच्याशी आहे. एका गोळीसाठी आधी चोक बदला. पहिल्या नळीत अर्धा चोक ठेवणाऱ्याने फायनलला पाऊण किंवा त्याहून घट्ट लावावा. २४ ग्रॅममध्ये जेमतेम तीनशे छर्रे असतात. फवारा पांगला तर क्लेवर नुसती धूळ उडते, आणि दिसेल असा तुकडा पडल्याशिवाय गुण नाही.

दुसरं, आठवड्यातून किमान दोन पेट्या, म्हणजे ५० काडतुसं, एकेकच भरून मारा. दुसरी नळी रिकामी आहे हे माहीत असलं की हात पहिल्यांदाच पुढे जातो. उलटंही होतं: काही जण जपून मारायला लागतात, गोळी उशिरा सुटते आणि क्ले निसटतो. ते कागदावर कळत नाही, शेजारी कोणीतरी वेळ ऐकत उभं राहावं लागतं.

तिसरं, लय. सहा जण असताना आपली पाळी सावकाश येते. एकेक बाद झाला की ती झपाट्याने येऊ लागते, श्वास घ्यायच्या आत. म्हणून शेवटच्या दहा क्लेंना मुद्दाम दोघांनाच उभं करा.

दुसरी_नळी
चोकचं पटलं, ५० काडतुसांचंही. नियमावरचा आक्षेप कायम आहे. कोथरूडकर, शूटऑफ वाढतील म्हणता तर क्ले अवघड करा: वेग वाढवा, कोन रुंदवा. काडतूस काढून घेणं हा सगळ्यात सोपा उपाय होता, म्हणून तो केला गेला असं मला वाटतं.

कोथरूडकर
वेग वाढवला तर पात्रतेतही वाढवावा लागेल, नाहीतर तुमचीच तक्रार परत येईल: निवड एका खेळावर, पदक दुसऱ्या.