मदत हवी आहे: एसयूव्हीचे स्पीकर आणि डॅम्पिंग, आधी काय करावं?

लिंकरोड

नमस्कार मंडळी,

गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, पेट्रोल. कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ, चारही दारांत साडेसहा इंची कागदी कोनचे स्पीकर, पुढे डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर). रोज बोरिवली ते लोअर परळ.

तक्रारी दोन. आवाज अर्ध्याच्या वर नेला की तबल्याचा डग्गा फाटतो आणि दाराचं पॅनेल खडखडतं. दुसरं म्हणजे काँक्रीटच्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीला टायरचा घोंघाट इतका येतो की गाण्याचे शब्द कळत नाहीत.

बजेट मजुरीसह ३५,०००. वॉरंटी चालू आहे, त्यामुळे स्टिरिओ बदलायचा नाही आणि कंपनीची एकही वायर कापायची नाही. डिकी मोकळी हवी. दुकानदार म्हणतो चार दारं, फ्लोअर, छत असं 'फुल डॅम्पिंग' (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट सगळीकडे लावणं) आणि चारही स्पीकर एकदम करा. आधी काय करावं, शीट किती लागेल, ॲम्प (वेगळा ॲम्प्लिफायर) हवाच का? पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचं आहे.

दहाचा पाना

छत आणि फ्लोअर यादीतून आत्ताच काढा. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, एका शीटने दोन्ही जात नाहीत.

डग्गा फाटतो त्याचं मूळ बहुतेक वेळा दारात असतं. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात आणि त्यांवर नुसता प्लास्टिकचा पडदा. मागचा आवाज तिथून उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढच्या लहरीच्या बरोबर उलट, पुढे येतो आणि खालचे सूर मारून टाकतो. मग आपण बेस वाढवतो, कोन झेपेल त्याहून जास्त हलतो आणि फाटतो. दार कच्चं ठेवून महागडा स्पीकर बसवला तर आवाज मोठा होईल, बेस पोकळच राहील. म्हणून पहिला पैसा पुढच्या दोन दारांवर.

शीट ब्यूटिलची (चिकट रबराची), २ मिमी, वर ॲल्युमिनियम फॉइल असलेली. डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हात उभ्या गाडीत मऊ होते, वास मारते आणि सुटून काचेच्या यंत्रणेत पडते. घेताना कोपरा ताणून बघा. ब्यूटिल च्युइंगमसारखं लांबतं, डांबर तुटतं आणि नाकाशी धरलं की कळतंच.

बाहेरचा पत्रा आतून पूर्ण झाकण्यात शीट वाया जाते. सपाट भागाचा ३०-४० टक्के पत्रा झाकला की तो झणझणायचा थांबतो, फक्त स्पीकरच्या बरोबर मागची जागा सोडू नका. आतला पत्रा मात्र पूर्ण बंद हवा. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणली तर ती झोळीसारखी लोंबते आणि बेसवर फडफडते. तिथे दीड मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून स्क्रूने बसवा, कडेला ब्यूटिल. उद्या काचेची मोटर गेली तर मेकॅनिकला तो उघडता आला पाहिजे. एका दाराला साधारण एक चौरस मीटर लागते, दोन्हींना कापाकापी धरून सव्वादोन ते अडीच. वजन सात-आठ किलो वाढेल, बिजागऱ्यांना त्याचं काही नाही.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. हँडलच्या आणि आर्मरेस्टच्या मागचे स्क्रू काढा, मग पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने खालून उचला. क्लिपा तुटतातच, आठ-दहा जादा आणून ठेवा. पडद्याचा काळा चिकट गोंद पुसत बसू नका, त्याचाच गोळा करून दाबत-ओढत न्या, निघून येतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा दोनदा पुसा. शीट रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. बहुतेक दुकानं इथेच घाई करतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कडा सुटतात. पॅनेल लावण्याआधी काच पूर्ण वर-खाली करा, लॉक आतून-बाहेरून चालवून बघा.

खडखड पॅनेलचीच असते. क्लिपांभोवती आणि वायरींवर कापडी हार्नेस टेप, आणि स्पीकरच्या कडेपासून जाळीपर्यंत फोमची रिंग लावा, म्हणजे आवाज पॅनेलच्या मागे न शिरता बाहेर येतो. तीस-चाळीस रुपयांचा फोम आहे, पण फरक लगेच ऐकू येतो.

शून्य डेसिबल

ॲम्पबद्दल. स्टिरिओवर ५०×४ लिहिलेलं असलं तरी आतल्या चिपमधून सलग मिळतात चॅनेलमागे वीसेक वॅट. ॲम्प घ्यायचा नसेल तर ९० डेसिबल किंवा जास्त संवेदनशीलतेचे स्पीकर घ्या. ८७ वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. पण तुमच्या बजेटमध्ये ॲम्प बसतो, आणि तो घ्याच. अंदाजे वाटप असं: पुढे कंपोनंट जोडी (स्पीकर आणि ट्वीटर वेगळे असलेला संच) ९,०००, चार चॅनेलचा, चॅनेलमागे ५० वॅट आरएमएसचा (सलग मिळणारे वॅट) क्लास-डी, म्हणजे कमी तापणारा ॲम्प १०,०००, दारांचं साहित्य ६,०००, हार्नेस आणि वायरिंग ३,०००, मजुरी ५,०००. मागचे स्पीकर कंपनीचेच राहू द्या. ऐकणारे पुढे बसतात.

कंपनीचे ट्वीटर काढून नव्या जोडीचे लावा आणि जोडीसोबतच्या क्रॉसओव्हरमधूनच (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या डबीतून) न्या. जुने समांतर राहिले तर वरच्या सुरांना इम्पीडन्स (स्पीकरचा विद्युत रोध) घसरतो आणि आवाज कर्कश होतो.

वायर न कापण्यासाठी मॉडेलप्रमाणे टी-हार्नेस मिळतो, दोन्ही बाजूंना कंपनीचे कपलर असलेला. ॲम्प हाय-लेव्हल इनपुटचा, म्हणजे थेट स्पीकरच्या वायरींमधून सिग्नल घेणारा हवा. काही स्टिरिओ स्पीकरचा लोड न दिसल्यास आउटपुट बंद करतात, म्हणून हे आधी दुकानात विचारा.

पॉवर वायर शुद्ध तांब्याची, ८ गेज जाडीची. २०० वॅटसाठी १३ व्होल्टला वीसेक अँपिअर जातात. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. आपल्या खाऱ्या हवेत त्याची टोकं खराब होतात, सांधा तापतो. टोक खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर परत करा. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत, ॲम्पच्या पुस्तिकेतल्या आकड्याचा. अर्थिंग अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी वाढली तर आधी इथेच बघायचं.

दारांना ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर), सप्तकामागे १२ डेसिबलचा उतार. ॲम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो. त्यासाठी स्पीकर सोडवा, फिल्टर बंद करा, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा, ६० हर्ट्झचा सूर वाजवा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून १४ व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा. ४ ओहमला ५० वॅट म्हणजे एवढेच. त्यापुढे क्लिपिंग (लहरीची टोकं कापली जाणं), आणि त्यात आधी ट्वीटर जळतात.

पागोळी

पाण्याचा विषय राहिला. काचेवरून दारात पाणी उतरणारच, दार तसंच बनवलेलं असतं. ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. तळाच्या पाच सेंमीत शीट लावू नका आणि काम झाल्यावर वरून तांब्याभर पाणी ओतून ते खालून गळतं का बघा. दाराच्या आत कापूस, फेल्ट, स्पंजसारखा फोम कधीच नको. पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून सडतो.

स्पीकर ज्यांवर बसतो त्या रिंगा एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या फळीच्या) दिल्या तर घेऊ नका. दोन पावसाळ्यांत फुगतात, स्क्रू सैल होतात. एचडीपीई किंवा एबीएस प्लास्टिकच्या घ्या. जाडी काच पूर्ण खाली असताना खोली मोजून ठरवा, चुंबक काचेला घासता कामा नये.

टायरच्या घोंघाटाला ब्यूटिल अपुरं आहे. त्याला वजन लागतं, म्हणजे गालिच्याखाली बंद पेशींचा फोम आणि वर चौरस मीटरला पाच किलोचा विनाइलचा थर. पण हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी एकदा पाणी आत शिरलं की ते त्या थराखाली अडकतं, वरून गालिचा कोरडा दिसतो आणि खाली गंज चढतो. म्हणून फ्लोअर नकोच. हवेचा दाब तपासा, टायरवरून तळहात फिरवून झीज करवतीसारखी झाली आहे का बघा, आणि पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा शांत टायर घ्या. शीट उरली तर डिकीच्या बाजूची पॅनेलं काढून मागच्या चाकांच्या कमानींवर लावा.

लिंकरोड

मनापासून आभार तिघांचे. दोन शंका. ॲम्प सीटखाली ठेवला तर? आणि साइड एअरबॅगमुळे दाराचं पॅनेल उघडण्यात काही धोका?

पागोळी

सीटखाली नको, पाणी सर्वांत आधी तिथेच येतं. डॅशबोर्डमागे किंवा डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे उंचावर बसवा.

दहाचा पाना

काही गाड्यांत दाराच्या आतल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, धडक त्यावरून ओळखतात. दाराची आतली भोकं बंद केल्याने त्याचं वाचन बदलू शकतं. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. तसा सेन्सर असेल तर आतली भोकं बंद करू नका, फक्त बाहेरच्या पत्र्यावर पट्ट्या लावा. ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून) कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) जाते, तिथे ट्वीटरसाठी भोक पाडू देऊ नका. पिवळा कपलर (एअरबॅगचा) दिसला तर हात लावू नका.

गाडी ताब्यात घेताना बॅलन्स मधोमध ठेवून बेस ऐका, मग पूर्ण डावीकडे न्या. एका बाजूला बेस भरला आणि मध्ये आणल्यावर पातळ झाला तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली आहे. तिथेच पॅनेल उघडून सरळ करून घ्या.