प्रायव्हसीवाला म्हणजे सरकारविरोधीच का?

गिरणाकाठ:
अमळनेरला कॉलेजातल्या पोरांपुढे माहिती आणि कायदा यावर बोलायचं आहे. 'प्रायव्हसी ॲक्टिव्हिस्ट'ला मराठीत काय म्हणावं? 'गोपनीयता कार्यकर्ता' लिहून पाहिलं, तर पुतण्या म्हणाला, हा माणूस सीआयडीतला वाटतो. एका लेखात हीच मंडळी 'क्रिप्टो-ॲनार्किस्ट' म्हणून आली आहेत. त्याला 'अराजकतावादी' म्हणायचं का? दोन्ही शब्द एकाच माणसाचे का?

तापीकर:
एकाच माणसाचे नाहीत, पण घराणं काही अंशी एक आहे. आधी 'गोपनीयता'. हा शब्द आपल्याकडे सरकारच वापरत आलंय. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतो, नोकरदाराचा गोपनीय अहवाल वर जातो, फायलीवर 'गोपनीय' शिक्का बसतो. तोच शब्द नागरिकाला लावला की हाही काहीतरी दडवतोय असं वाटू लागतं.

'खासगी'ची गंमत वेगळी. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा. अहिल्याबाईंनी घाट, देवळं बांधली ती खासगीतून. म्हणजे राज्याच्या हिशेबाबाहेरचं ते खासगी. अर्थ किती चपखल! पण आज 'खासगी' म्हटलं की शाळा, ट्रॅव्हल्स नाहीतर खासगीकरण आठवतं. म्हणून 'खासगीपणा' म्हणावं. कानाला जरा ओबडधोबड लागतो, पण चालेल.

केळीबाग (रावेर):
शब्द कोणताही घ्या आप्पा, लपवायचं काही नसेल तर भ्यायचं कशाला? ही सगळी शेवटी सरकार नको म्हणणारीच माणसं.

तापीकर:
केळीबाग भाऊ, काही होतीच तशी. अमेरिकेत टिमथी मे यांनी 1988 मध्ये 'क्रिप्टो-ॲनार्की'चा जाहीरनामा फिरवला. संदेश आणि व्यवहार सांकेतिक झाले, म्हणजे तिसऱ्याला वाचता येईनासे झाले, की सरकारची कर घेण्याची, नियंत्रण ठेवण्याची ताकद ढिली पडेल, हे त्यांना हवंच होतं. 1992 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास 'सायफरपंक' मंडळी, म्हणजे सांकेतिक लिपीच्या जोरावर खासगीपणा जपू पाहणारे लोक, जमली, त्यात मेही होते. पण त्याच गोटातले एरिक ह्यूज 1993 मध्ये निराळं मांडतात: साऱ्या जगाला कळू नये ते खासगी, कोणालाच कळू नये ते गुपित. तुमच्या 'लपवायचं काही नसेल तर'चं उत्तर यात आहे. अहिराणीत म्हणायचं तर, घरनी गोट घरमा. ती चोरीची गोट थोडीच असते?

फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हे सांकेतिक ईमेलचं सॉफ्टवेअर काढलं. ते अण्वस्त्रविरोधी चळवळीतले. अमेरिकेच्या निर्यात नियमांत असली सॉफ्टवेअरं तेव्हा शस्त्रास्त्रांच्या यादीत होती, म्हणून त्यांच्यामागे चौकशी लागली. 1996 मध्ये ती आरोप न ठेवता बंद झाली. आणि ओळख झाकून इंटरनेट वापरायचं ते 'टॉर' मुळात कुठलं? अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतलं!

शहादेकर:
इकडची बाजू राहिली. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं, 29 सप्टेंबर 2010 ला. त्या योजनेविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, वय ऐंशीच्या पुढे. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी आधार टिकलं, पण खासगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारा भाग गेला. राज्यच नको म्हणणारा माणूस राज्याच्याच कोर्टात राज्यघटना घेऊन उभा राहील का?

गिरणाकाठ:
म्हणजे 'ॲनार्किस्ट' मे यांच्यापुरता. पण त्यांनाही 'अराजकतावादी' म्हणवत नाही. आपल्याकडे 'अराजक माजलं' म्हणजे लुटालूट.

तापीकर:
मग 'अराज्यवादी' लिहा. तो शब्द राज्यशास्त्रात आहेच. सरकार नको म्हणणारे सगळे दगडफेके नसतात. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देणारे विनोबा पुढे 'शासनमुक्त समाज' म्हणत राहिले. त्यांना अराजकवादी म्हटलं तर धुळेकर तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाहीत.

शहादेकर:
चळवळीतल्या माणसासाठी मी 'पाळतविरोधी कार्यकर्ता' सुचवेन. पाळत ठेवली जाते हे कोणालाही लगेच कळतं, आणि सरकारचं नावही घ्यावं लागत नाही.

केळीबाग (रावेर):
मग टॉर्चचं ॲप माझं लोकेशन आणि फोनमधले नंबर मागतं, तीही पाळतच का?

शहादेकर:
तीही. परवानगी तुम्हीच दिलेली असते, एवढाच फरक. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका.

केळीबाग (रावेर):
काढली. आता व्यापाऱ्याच्या ॲपनं आधार मागितलंय, त्याचं काय करू ते सांगा.