रिकाम्या आवारातला उन्हाळी कलामहोत्सव कोणासाठी?

धागाकर्ता:
परीक्षा संपतात, वसतिगृहांना कुलपे लागतात आणि नेमक्या त्याच सुमारास विद्यापीठाच्या फाटकावर उन्हाळी कलामहोत्सवाचे फलक झळकू लागतात. ज्यांच्या शुल्कातून प्रेक्षागृहाची डागडुजी झाली आणि ज्यांच्यासाठी तालमीच्या खोल्या बांधल्या, ते विद्यार्थी तोवर घरी गेलेले असतात. सत्र चालू असताना हेच विद्यार्थी तालमीला एखादी खोली मिळावी म्हणून आठवडा आठवडा वाट पाहतात, आणि उन्हाळ्यात त्याच खोल्या बाहेरून आलेल्या मंडळींचे रंगपट म्हणून वापरल्या जातात. माझे म्हणणे असे आहे की विद्यापीठाने आपली जागा, माणसे आणि पैसा या महोत्सवांत गुंतवू नये. तोच पैसा सत्रातल्या कार्यक्रमांवर खर्च करावा.

स्कॉटलंडमधल्या एडिंबराचे उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. तिथला 'फ्रिंज' महोत्सव १९४७ साली आठ नाट्यसंस्थांनी तिथल्या अधिकृत महोत्सवाच्या निमंत्रणाशिवाय येऊन सुरू केला, हे खरे आहे. मात्र आज ऑगस्टमध्ये तिथल्या विद्यापीठाच्या कितीतरी वास्तू प्रयोगांची ठिकाणे होतात, एरवी पदवीदान समारंभ होतो ते मॅकएवन सभागृहसुद्धा, आणि राहण्याची जागा इतकी महागते की होतकरू कलावंतालाच तो महिना परवडत नाही. विद्यापीठ यजमान आहे की नुसते जागामालक, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद १ (नृत्याच्या अभ्यासक):
आपण आवार रिकामे असल्याची तक्रार करीत आहात. माझ्या मते त्या रिकामेपणातूनच फार मोठे काम उभे राहिले आहे. अमेरिकेतले बेनिंग्टन हे १९३२ साली सुरू झालेले, तेव्हा केवळ मुलींचे असलेले छोटे महाविद्यालय. १९३४च्या उन्हाळ्यात मार्था हिल यांच्या संचालनाखाली तिथे नृत्याची शाळा भरली आणि मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन व हान्या होल्म हे आधुनिक नृत्यातले चौघे एकाच आवारात शिकवू लागले. एरवी प्रतिस्पर्धी मानली जाणारी ही मंडळी एकाच शाळेत शिकवत होती आणि विद्यार्थिनी एकाकडून शिकून दुसऱ्याकडे जात होत्या, ही गोष्ट सत्राच्या वेळापत्रकात कधीही बसली नसती. तीच परंपरा १९४८ मध्ये कनेटिकट महाविद्यालयात आणि १९७८ मध्ये ड्यूक विद्यापीठात गेली. आजचा 'अमेरिकन डान्स फेस्टिव्हल' तो हाच. तीन आवारे बदलली, पण ऋतू उन्हाळ्याचाच राहिला. सत्रात विद्यार्थ्याला एका कामासाठी सलग सहा आठवडे देता येतात का, हे आपणच सांगावे.

धागाकर्ता:
आपण दिलेला दाखला माझ्याच बाजूने बोलतो, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. बेनिंग्टनला मुळात शाळा होती. प्रयोग त्या शाळेतून उगवले. आज बहुतेक ठिकाणी उलटा प्रकार दिसतो: आधी नामांकित पाहुणे ठरतात, मग तिकिटे, आणि अगदी शेवटी कोणालातरी आठवण होते की आपल्याकडे एक नाट्यविभागही आहे. तेव्हा विद्यार्थ्यांना 'स्वयंसेवक' म्हणून बोलावून खुर्च्या मांडायला लावतात. शाळा भरवणार असाल तर माझा विरोध संपला.

प्रतिसाद २ (रंगमंच तंत्रज्ञ):
खुर्च्या मांडण्याला आपण तुच्छ लेखलेले दिसते. मी अशाच एका महोत्सवात खुर्च्या मांडण्यापासून सुरुवात केली आणि पाचव्या उन्हाळ्यात प्रकाशयोजना सांभाळली. बंदिस्त सभागृहात शिकता न येणाऱ्या गोष्टी खुल्या रंगमंचावर शिकाव्याच लागतात. उत्तरेकडच्या प्रदेशांत जूनअखेरीला रात्री नऊपर्यंत उजेड असतो; त्यामुळे पहिल्या अंकात तुमची सारी प्रकाशयोजना जवळजवळ अदृश्य असते आणि दुसऱ्या अंकात ती एकदम डोळ्यांवर येते. हे संक्रमण प्रेक्षकाच्या लक्षात येऊ न देणे ही स्वतंत्र विद्या आहे. वाद्यवृंदाची तऱ्हा आणखी निराळी. हवा तापली की व्हायोलिनच्या तारा सैल पडून सूर उतरतो, त्याच उष्म्याने बासरी आणि क्लॅरिनेट मात्र चढतात, आणि मध्यंतरानंतर गारवा आला की सगळे उलट होते. स्वरलिपीची पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावावे लागतात. वादकाला पान उलटायचे असते तेव्हा नेमका चिमटा निघत नाही. (एकदा तो निघाला आणि पानासकट पहिल्या रांगेत जाऊन पडला.) हे शिक्षण नाही, असे आपण म्हणू शकाल का?

एक गोष्ट मात्र मान्य करतो: ते पाचही उन्हाळे मला एक पैसाही मिळाला नाही. ज्यांना उन्हाळ्यात कमवावे लागते, ती मुले या शाळेत येऊच शकत नाहीत.

प्रतिसाद ३ (विद्यापीठानजीक राहणारा रहिवासी):
या साऱ्या चर्चेत आम्ही कुठेच नाही. वर्षाचे नऊ महिने विद्यापीठाची गर्दी, वाहने आणि मध्यरात्रीचा गोंगाट आम्ही सोसतो. उरलेल्या तीन महिन्यांत त्या हिरवळीवर बसून एखादे नाटक पाहिले, तर विद्यार्थ्यांचे काय बिघडते? आपल्याला इतिहास आवडतो म्हणून सांगतो. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या ॲशलंड या लहान गावी १९३५ साली अँगस बोमर या अध्यापकाने शेक्सपिअरची नाटके करायचे ठरवले. नगरपालिकेने जास्तीत जास्त ४०० डॉलर द्यायचे कबूल केले, पण नाटकांत तोटा येणार याची खात्री असल्यामुळे दिवसा त्याच मंचावर मुष्टियुद्धाचे सामने लावले. तोटा सामन्यांना आला आणि तो नाटकांच्या उत्पन्नातून भरून निघाला. बोमर स्थानिक अध्यापक महाविद्यालयात शिकवत, पण पैसा आणि प्रेक्षक गावाने पुरवले. विद्यापीठ ही केवळ विद्यार्थ्यांची मालमत्ता आहे, हे गृहीतकच मला अमान्य आहे.

प्रतिसाद १:
रहिवाशांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर. गावकऱ्यांना केवळ तयार प्रयोग दाखवला, तर विद्यापीठ आणि कोणतेही नाट्यगृह यांत फरक राहत नाही. तालमी खुल्या कराव्यात.

प्रतिसाद २:
तालमी खुल्या करण्याला माझा ठाम विरोध आहे. नट चुकतो, दिग्दर्शक चिडतो, एकच प्रवेश चाळीस वेळा होतो; हे चार भिंतींच्या आडच व्हायला हवे. फार तर अखेरची रंगीत तालीम दाखवावी.

धागाकर्ता:
माझी मूळ मागणी मी थोडी बदलतो. विद्यापीठाने महोत्सवांत काहीच गुंतवू नये, हे म्हणणे मागे घेतो. रहिवाशांचा विचार मी केला नव्हता, हेही कबूल करतो. मात्र तंत्रज्ञांनी जे ओघात सांगितले, तेच मला आता सर्वांत गंभीर वाटते. पाहुण्या कलावंताचे मानधन ठरते त्याच बैठकीत पडद्यामागच्या विद्यार्थ्यांचे वेतन आणि त्यांची वसतिगृहातली खोली ठरली पाहिजे, आणि त्यासाठी एखादा नामांकित पाहुणा वगळावा लागला तर वगळावा.

प्रतिसाद ३:
पाहुणा वगळला तर तिकिटे खपणार नाहीत, आणि मग ते वेतन कोठून देणार?

प्रतिसाद २:
ॲशलंडची नाटके कोणत्या नामांकित पाहुण्यामुळे खपली, हे आपण सांगितलेले नाही.