मदत हवी: आण्णांचा जीसीएस (शुद्धीचा आकडा) ८ वरून ७ झाला, बिघडलेत का?

नंदगडकर: आण्णा गाडीवरून पडले, डोक्याला मार आहे. बेळगावला आयसीयूत आहेत. काल जीसीएस ८ सांगितला, आज कागदावर ७टी. डॉक्टर राऊंडला येतात नि लगेच जातात. आईला काय सांगू? लवकर सांगा कुणीतरी.

वडगावची ताई: आयसीयूत नर्स आहे. टी म्हणजे घशात नळी. कधी घातली? झोपेचं औषध चालू आहे का? एकूण आकडा नको, डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं सांगा.

निपाणीकर पाटील: आमच्या काकांचा ६ होता, आज ट्रॅक्टर चालवतात. आकडे बघूच नका. कानाशी भजन लावा.

संकेश्वरकर: जीसीएस १९७४ चा आहे, नळी असली की बोलणं तपासताच येत नाही. फोर स्कोअर हे दुसरं माप करायला सांगा, त्यात डोळ्यांच्या बाहुल्या नि श्वासपण धरतात.

वडगावची ताई: फोर चांगलाच आहे, पण कालशी तुलना कालच्याच मापाने होते. बाहुल्या आम्हीही बघतो, वेगळ्या लिहितो. नंदगडकरांना आधी सांगू दे.

नंदगडकर: नळी रात्री घातली. झोपेचं औषध सकाळी बंद केलं म्हणे. काल ई२ (डोळे) व्ही१ (बोलणं) एम५ (हालचाल), आज ई२ व्हीटी एम५.

वडगावची ताई: मग घसरलेले नाहीत, दादा. डोळे नि हालचाल कालचीच आहे. नळीमुळे बोलण्याचा १ धरला नाही, एवढंच. त्यात औषधाचा अंमलही उतरायचा असेल. एम५ म्हणजे दुखवलं की हात तिथवर नेतात, एम६ म्हणजे सांगितलेलं करतात. सिस्टर सांगतात कुठल्या भाषेत?

नंदगडकर: कन्नडमध्ये. आण्णांना येत नाही. कानाचं मशीनपण घरीच आहे.

खानापूरचा मावळा: १९५६ पासून हेच सोसतोय आपण! मराठीत बोलणारं माणूस ठेवायला काय होतं यांना?

निपाणीकर पाटील: महात्मा फुले योजनेत सीमाभागातली ८६५ गावं घेतलीत. रेशनकार्ड काढून ठेवा.

वडगावची ताई: त्याचा वेगळा धागा काढा की! नंदगडकर, मशीन मागवा. सिस्टरना विचारून ते लावा आणि त्यांच्यासमोर तुम्हीच मराठीत सांगा, "आण्णा, अंगठा वर करा." हात दाबायला सांगू नका, तळव्याला काही लागलं की मूठ आपोआपही मिटते. एम खाली आला किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलवा.

नंदगडकर: भावाला मशीन आणायला पाठवलं. पाचला आत सोडतात. आईलाच नेतो, तिचा आवाज ओळखतील.